नेम धरा, पण कान सांभाळा!

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा, चामड्याचं पायताण आणि तालमीतली कुस्ती आठवते. आपल्या लेकींनी मात्र गेल्या वीस वर्षांत या यादीत आणखी एका गोष्टीची भर घातली. ती म्हणजे नेमबाजी. तेजस्विनी सावंतनं २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदकं मिळवली आणि २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ती जगज्जेती झाली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. मग आली राही सरनोबत. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकात सुवर्ण आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण! आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा तर आपल्या जिल्ह्यानं दिवाळी साजरी केली.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. आज गल्लीगल्लीत एखादी तरी मुलगी सांगते, ‘मी शूटिंग शिकतो.’ (होय, आमच्याकडच्या मुली ‘शिकतो’च म्हणतात!) दुधाळीच्या रेंजचं नाव आता घराघरात माहीत आहे. शाळा-कॉलेजात एनसीसीच्या निमित्तानं मुली रायफल हातात धरतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याही खूप आहेत. महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामामुळे या मुलींच्या घरी माझं जाणं-येणं असतं. आयांशी बोलणं होतं. रायफल केवढ्याला, जॅकेट कुठं शिवून मिळतं, बूट कोणते, छर्ऱ्यांचा डबा किती दिवस पुरतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. कुणी भिशी लावलेली असते, कुणी पाटल्या मोडलेल्या असतात. पण ‘कानाला काय लावते?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘ते हेडफोनसारखं असतंय की तिथं. नाहीतर कापूस घालते.’

मैत्रिणींनो, आजचा लेख या ‘हेडफोनसारख्या’ वस्तूवर आहे. सगळ्या सामानात सगळ्यात स्वस्त तीच, आणि आठवण सगळ्यात शेवटी होते तीही तिचीच.

एक बार, आणि आयुष्यभराचा रातकिडा

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातली एक मुलगी कॉलेजच्या शिबिरात फायरिंग करून आली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, ‘काकू, कालपासनं कानात रातकिडा वरडल्यागत होतंय. झोपच येईना.’ विचारपूस केली तेव्हा कळलं, मुलींना रांगेत पालथं झोपवून गोळ्या झाडायला लावल्या, कानाला काही नव्हतं. ‘दोन बोटं घालायची तर हात रायफलला गुंतलेले!’ असं सांगून वर ती हसलीसुद्धा.

आई मात्र हसली नाही. तिनं मला बाजूला घेतलं. ‘वैनी, हे कुठं बोलू नका. पोरीला कमी ऐकू येतंय असं एकदा पसरलं की संपलं. उद्या स्थळं कोण आणणार?’

मला त्या माउलीचा राग आला नाही. गावात राहायचं म्हणजे काय असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. डोळ्याला चष्मा लागला तर चालतो, पण मुलीच्या कानाचं नाव निघालं की घरचे कुजबुजू लागतात. म्हणूनच मुली कानातला आवाज लपवतात, तपासणी लांबवतात आणि पुन्हा तसंच रेंजवर जातात. त्या मुलीचा आवाज तीन दिवसांनी थांबला. पण डॉक्टरांनी तपासणी करून बजावलं, ‘या वेळी कान सावरला. दर वेळी सावरेलच असं नाही.’

असं का, ते समजून घेऊ. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक छोटा भाग असतो. त्यात प्रत्येक कानाला साधारण पंधरा हजार अगदी नाजूक केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला निरोप देतात. शेतात उभं पीक असावं तशा. साध्या वाऱ्यानं पीक वाकतं आणि पुन्हा उभं राहतं, पण गारपीट झाली की आडवं होतं. फरक एवढाच की शेतात पुढच्या हंगामाला पुन्हा पेरता येतं. माणसाच्या कानातल्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, तेल नाही, ऑपरेशन करून त्या परत आणता येत नाहीत.

आणि हे नुकसान चोरपावलांनी होतं. आधी बारीक, उंच स्वरातले आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात. बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही. मुलगी ‘काय?’ ‘काय?’ विचारू लागते आणि आपण म्हणतो, लक्षच नाही हिचं!

आवाज किती मोठा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. आपलं घरातलं बोलणं साधारण साठ. मिक्सर ऐंशी-नव्वदच्या घरात. यात एक मेख आहे. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ऐंशीचे नव्वद झाले तर ते ‘थोडंसं वाढलं’ नसतं.

आता रेंजवर या. ५० मीटरची रायफल आणि २५ मीटरचं स्पर्धेचं पिस्तूल, दोन्हीत पॉइंट टू-टू (.२२) काडतूस वापरतात. या रायफलचा बार नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो. पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळे त्याचा आवाज आणखी चढा. पोलिसांकडच्या नऊ एमएमच्या पिस्तुलाचा बार १५५-१६० पर्यंत पोहोचतो. आणि १४० ही अशा एका दणक्यासाठी जगभर मानलेली धोक्याची रेषा आहे. तिच्यापुढे ‘रोज किती तास’ हा हिशोबच उरत नाही. एक बारही पुरे. चार भिंतींच्या रेंजमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तो वेगळाच.

आणखी एक गंमत पाहा. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. म्हणून उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्यांचा बहुधा डावा कान आधी अधू होतो.

मग १० मीटरच्या एअर रायफलचं काय? आपल्या बहुतेक मुली तिथूनच सुरुवात करतात. तिच्यात दारू नसते, दाबलेल्या हवेनं छर्रा सुटतो. आवाज खूपच कमी, धोकाही कमी. तरीही बंद हॉलमध्ये वीस-पंचवीस मुली तासन्‌तास सराव करतात, शेजारी मोठ्या रायफलींचे बार चालू असतात. आणि आज एअर रायफल हातात असलेली मुलगी उद्या पॉइंट टू-टू घेणार. सवय पहिल्या दिवसापासून लागलेली बरी.

प्लग की मफ?

कान झाकायची साधनं मुख्यतः दोन प्रकारची. एक, कानाच्या आत बसणारे प्लग. दुसरे, कानावर वाटीसारखे बसणारे मफ, म्हणजेच आपले ‘हेडफोनसारखे’.

फोमचे प्लग अगदी स्वस्त, दोन कप चहाच्या पैशात जोडी येते. खरं तर नीट बसले तर ते मफइतकंच, कधी त्याहून जास्त काम करतात. पण ‘नीट बसले तर’! बहुतेकजणी ते नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवतात आणि म्हणतात, काही फरक पडत नाही. पद्धत अशी आहे. हात स्वच्छ धुवा. प्लग दोन बोटांत वळून शेवयीसारखा बारीक करा. डाव्या कानाला लावताना उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो. आणखी एक तपासणी, प्लग घातल्यावर दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढा आणि पुन्हा घाला.

लहान मुलींच्या कानाची वाट अरुंद असते, त्यांच्यासाठी लहान मापाचे प्लग मागा. फोम कडक झाला, मळला की फेकून द्या. धुवून वापरता येणारे रबरी प्लगही मिळतात. कान वाहत असेल तर मात्र प्लग घालूच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

मफ घालायला सोपे. लहान मुलींना, नवख्यांना, सारखे काढ-घाल करणाऱ्यांना तेच बरे. पण आपल्या बायकांच्या बाबतीत त्यांचं एक दुखणं आहे. मफची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली तरच आवाज अडतो. जरा फट राहिली की आवाज तिथून पाण्यासारखा शिरतो. आणि आमच्या कानाभोवती काय काय असतं! झुबे, बुगडी, क्लिपा, स्कार्फची घडी, चष्म्याची जाड दांडी. म्हणून रेंजवर जाताना कानातलं काढून ठेवा, केस मागे मानेजवळ बांधा, स्कार्फ मफच्या वरून घ्या, चष्म्याची दांडी बारीक निवडा. हे जमत नसेल तर प्लगच वापरा.

रायफलवाल्या मुलींना आणखी एक अडचण येते. गाल दस्त्यावर टेकवला की जाड मफची वाटी दस्त्याला लागते, वर उचलली जाते आणि बरोबर बार उडायच्या वेळी फट पडते. त्यांनी बारीक वाटीचा मफ तरी घ्यावा, नाहीतर प्लग. दुकानात नुसता डोक्याला लावून घेऊ नका. मुलीला रायफल धरायची तशी मान करायला सांगा आणि मग बघा. पिस्तूल हात लांब करून धरतात, तिथे ही अडचण नाही.

आता इलेक्ट्रॉनिक मफ निघालेत. त्यात छोटा माइक असतो. साधं बोलणं आत येतं, बार उडाला की आवाज अडतो. कोचना, रेंजवर सूचना देणाऱ्यांना फार सोयीचे. पण स्पर्धेचा नियम ध्यानात ठेवा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार खेळाडूला फक्त आवाज कमी करणारं साधन चालतं, आवाज वाढवणारं किंवा ऐकवणारं नाही. तेव्हा स्पर्धा खेळणाऱ्या मुलीसाठी साधा मफ किंवा प्लगच घ्या. पैसेही वाचतील.

डब्यावरचा आकडा

डब्यावर ‘एनआरआर २७’ असा काहीतरी आकडा असतो. काहींवर ‘एसएनआर’ असतं. पहिली पद्धत अमेरिकेची, दुसरी युरोपची. दोन्ही मोजण्याच्या रीती वेगळ्या, म्हणून एकीचा आकडा दुसरीशी ताडून बघू नका. एनआरआरची एनआरआरशीच तुलना करा.

हा आकडा प्रयोगशाळेत, जाणकारांनी नीट बसवून मोजलेला असतो. आपल्या घाईगडबडीत तेवढा लाभ होत नाही. त्यामुळे अमेरिकेत कारखान्यांसाठी एक हिशोब वापरतात, आकड्यातून सात वजा करायचे आणि उरलेल्याचं निम्मं करायचं. म्हणजे २७ चे उरले दहा! पंचवीसच्या वरचा आकडा घ्यावा म्हणतात, तो यासाठीच.

मोठ्या बाराच्या पिस्तुलासमोर, बंद रेंजमध्ये, आत प्लग आणि वर मफ अशी दोन्ही लावावीत. पण दोन आकड्यांची बेरीज होत नाही बरं का! २९ आणि २७ मिळून ५६ होत नाहीत. जास्त आकडा असेल त्यात साधारण पाचाची भर पडते, एवढंच. तरी त्या पाचाचं मोल मोठं आहे. फक्त दुहेरी झाकल्यावर कोचची आज्ञा ऐकू येत नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. ‘थांबा’ची खूण सगळ्यांना माहीत हवी.

आणि कापूस? कापूस जखमेला लावा, वातीला वळा, कानासाठी त्याचा जवळजवळ काही उपयोग नाही. मोबाईलचे इअरफोनही चालत नाहीत.

घ्यायचं कुठं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको. आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्र्या आणि कारखाने आहेत. त्यांना लागणारं सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानांत हेल्मेट-हातमोज्यांबरोबर प्लग आणि मफही मिळतात. मफ काही शे रुपयांपासून सुरू होतो. उसना, ढिला झालेला, गादीला भेगा पडलेला मफ वापरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि घामानं गादी लवकर खराब होते. सराव झाला की पुसा, सावलीत वाळवा, गादी कडक झाली की बदला.

मागे उभी असलेली आई

या सगळ्यात एक माणूस कायम विसरलं जातं. मुलीला डबा घेऊन आलेली, बाकावर बसून राहिलेली आई! धाकटं भावंड तिच्या मांडीवर. नियमातही नेमबाजांबरोबर फायरिंगच्या रेषेजवळ असणाऱ्या सगळ्यांनीच कान झाकावेत असं सुचवलेलं आहे. मुलगी दोन तास झाकलेल्या कानांनी खेळते आणि आई तेवढाच वेळ उघड्या कानांनी बसते, हे कुठलं शहाणपण? तेव्हा प्लगच्या दोन जोड्या जास्त घ्या. आणि लहान मूल असेल तर त्याला तिथं नेऊच नका.

गरोदर बहिणींना, त्यातही पोलीस खात्यातल्या आणि कोचिंग करणाऱ्या, एक कळकळीचं सांगणं आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यात बाळाचे कान तयार होत असतात. तुम्ही मफ लावलात तर तुमचे कान वाचतील, पोटातल्या बाळाचे नाही. शिवाय गोळ्यांमधल्या शिशाचा धूर असतो. त्या काळात रेंजपासून लांब राहायची सवलत हक्कानं मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फायरिंगनंतर कानात दडे बसले, घंटी वाजू लागली तर काय करायचं? आपल्याकडे लगेच लसणीचं कोमट तेल निघतं. कृपा करून ते घालू नका. दणक्यानं पडद्याला इजा झाली असेल तर तेलानं दुखणं वाढेल. कानाला शांतता द्या, दुसऱ्या दिवशीचं फायरिंग बंद ठेवा. एका दिवसात आवाज थांबला नाही, किंवा अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाच. लवकर गेलं तर उपचाराला थोडा वाव असतो, आठवडे घालवल्यावर तोही राहत नाही.

आणि रेंजवर नाव घालताना एकदा कानाची ऑडिओमेट्री करून घ्या. हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ना सुई ना दुखणं. त्याचा कागद फायलीत ठेवा आणि दरवर्षी नव्या कागदाशी जुळवून पाहा. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

काही मुलींना वाटतं, मफ लावला तर लोक भित्री म्हणतील. त्यांना मी एकच सांगते. बाराच्या दणक्यानं अंग दचकतं, पापणी मिटते आणि नेम हलतो. कान शांत असले की मन शांत राहतं आणि गुणही वाढतात. जगभरातल्या मोठ्या नेमबाजांचे फोटो बघा, कानावर काहीतरी असतंच.

त्या घाबरलेल्या आईला मी तेव्हा म्हटलं होतं, ‘अहो, लोकांना काय वाटेल म्हणून आज लपवाल, पण उद्या तिलाच तिच्या बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं नाही तर?’ ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळातल्या सहाजणींनी मिळून त्या कॉलेजात जाऊन शिबिराआधी प्लग द्यायची मागणी केली. आधी टोलवाटोलवी झाली. ‘आमच्या वेळी कुठं होतं हे?’ असंही ऐकावं लागलं. शेवटी प्लगचा एक मोठा डबा आला. खर्च किती? शिबिरातल्या एका वेळच्या नाश्त्याहून कमी!

तुमच्या गावात रेंज असेल, एनसीसी असेल, भरतीचा क्लास असेल, तर तुम्हीही चौघी मिळून हा एक प्रश्न विचारा, ‘मुलींच्या कानाला काय देता?’ उत्तर ‘कापूस’ असं आलं, तर प्लग येईपर्यंत विचारत राहा. आपल्या लेकींनी खुशाल नेम धरावा, पदकं आणावीत. पण राष्ट्रगीत वाजेल तेव्हा त्यातला शब्दन्‌शब्द त्यांना नीट ऐकू यायला हवा!